परसदारची सावली : सोलापुरातल्या एका मागच्या अंगणाच्या प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी

आज जागा मोजली. घर पूर्वमुखी, त्यामुळे परस पश्चिमेला. घराच्या भिंतीपासून मागच्या कंपाउंडपर्यंत २७ फूट आणि दक्षिणोत्तर ३६ फूट, म्हणजे साधारण ९७० चौरस फूट. मीटरमध्ये ९० चौरस मीटर. स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी याच बाजूला उघडतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी तीननंतर हे दार उघडं ठेवता येत नाही आणि ओट्यामागची भिंत रात्री जेवणं होईपर्यंत तापलेली असते. आई दिवसातला निम्मा वेळ इथेच असते. म्हणून हे काम हौसेच्या बागेचं नाही, घर राहण्याजोगं करण्याचं आहे.

सध्या आहे ते असं: भिंतीलगत आठ फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा, जागोजाग तडकलेला. धुण्याचा दगड, बोअर, तुळशीवृंदावन. दक्षिणेला एक जुना कढीपत्ता. बाकी उघडी काळी माती आणि बांधकामाच्या वेळचा राडारोडा.

कामाचा क्रम आधीच लिहून ठेवते, कारण मध्येच कुणीतरी रोपं घेऊन येईल आणि सगळं उलटं होईल. आधी ऊन समजून घ्यायचं, मग माती, मग पाणी. त्यानंतर सावलीची सोय, मग झाडं. फरशी सगळ्यात शेवटी.

२५ फेब्रुवारी

पाच काठ्या रोवल्या आणि सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता सावल्यांच्या टोकाला फक्कीने खुणा केल्या. फेब्रुवारीचं ऊन मेच्या उन्हाबद्दल अर्धंच सांगतं, म्हणून बाकीचा हिशोब कागदावर केला.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो. नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. शिवाय आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नव्हे, मे महिन्यात तर जवळजवळ बारा वाजून तेवीस मिनिटांनी. त्यामुळे दुपारचा ताप घड्याळाच्या मानाने उशिरापर्यंत रेंगाळतो.

सगळ्यात कामाचा आकडा मावळतीचा आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तिथून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे मावळतो. एप्रिलच्या मध्यापासूनच तो वायव्येकडे सरकू लागलेला असतो. हिवाळ्यात उलट नैर्ऋत्येला. म्हणजे उन्हाळ्यातली नकोशी किरणं येतात पश्चिम-वायव्येकडून आणि हिवाळ्यातलं हवंसं ऊन येतं नैर्ऋत्येकडून. दोन्ही दिशा वेगळ्या असणं हे आमचं भाग्यच म्हणायचं. मोठं झाड वायव्येला लावायचं आणि नैर्ऋत्य कोपरा मोकळा सोडायचा, एवढ्यावर अर्धा आराखडा झाला.

आईला कागद दाखवला. तिचा पहिला प्रश्न, "यात वाळवणाला ऊन कुठंय?" गुडघे दुखत असल्यामुळे गच्चीवर जाणं तिने बंद केलंय, आणि कुरडया, सांडगे, मिरच्या खालीच वाळवायच्या आहेत. नैर्ऋत्य कोपरा तिचा. तिथे मार्च ते मे सकाळी दहापासून तीनपर्यंत ऊन मिळेल आणि तिथे कुणीही, मी धरून, काहीही लावायचं नाही.

३ मार्च

दोन ठिकाणी चार-चार फूट खोल खड्डे घेतले. वर अडीच फूट काळी चिकण माती, त्याखाली पांढरट चुनखडीचे खडे मिसळलेला पट्टा, आणि साडेतीन फुटांवर मुरूम. पांढऱ्या खड्यांवर व्हिनेगर टाकलं तर चांगलं फसफसलं. मातीत मोकळा चुना भरपूर आहे. अशा जमिनीत झाडाला लोह असूनही घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबाला हे हमखास होतं. डाळिंब आणि सीताफळ मात्र अशा रानात निभावून नेतात. या जिल्ह्यात डाळिंब इतकं का रुजलं त्याचं एक उत्तर या खड्ड्यातच आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात असणं हा योगायोग नव्हे.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव जास्त महत्त्वाचा. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. आज परसात पडलेल्या भेगांत अख्खा हात जातो. जुना कोबा तडकला तो याच हालचालीने. सिमेंट कितीही चांगलं वापरलं तरी खालची जमीन दरवर्षी वरखाली होणार असेल तर वरचं कडक काम टिकत नाही. यावरून दोन गोष्टी ठरल्या: परसात सिमेंटचं सलग काम कुठेही नाही, आणि मांडवाचे खांब थेट मुरमापर्यंत न्यायचे.

पाणी मुरण्याची परीक्षाही घेतली. काळ्या थरात फूटभर खोल खळग्यात संध्याकाळी ओतलेलं पाणी सकाळीही दिसत होतं. मुरमापर्यंतच्या खड्ड्यातलं तासाभरात उतरलं. पाण्याला मुरमापर्यंत वाट करून दिली की काम झालं.

चिकण मातीत वाळू मिसळा, असा सल्ला सगळे देतात. थोडीशी वाळू घालून काही साधत नाही. फरक पडायला मातीच्या बरोबरीने वाळू लागेल आणि ती उपसलेली असते कुणाच्या तरी नदीतून. शेणखत, पालापाचोळा आणि वेळ, एवढ्यावर ही माती पुष्कळ सुधारते. जमीन मुळात सकस आहे.

१० मार्च

पाण्याचा ताळेबंद.

नळाचं पाणी रोज येत नाही, ते पिण्या-वापरण्यालाच. बागेला त्यातला थेंब धरायचा नाही. बोअरला पाणी आहे, पण जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. मेमध्ये त्याची धारही बारीक होते.

पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर. आकडा वाईट नाही, वाटणी अवघड आहे. आपण पर्जन्यछायेत. जून-जुलैत एखादी सर येते आणि मग दोन-दोन आठवडे नुसते ढग. सगळ्यात जास्त पाऊस पडतो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागेचं वेळापत्रक इथे चालत नाही.

गच्ची ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्या हिशोबाने वर्षाला ६५ हजार लिटर, त्यातलं वाया जाणारं वजा करून ५० हजार लिटर तरी हाती लागतं. सध्या हे सगळं पाइपातून थेट गटारीत जातं. एवढ्यासाठी टाकी बांधणं परवडणारं नाही आणि जागाही नाही. ते जमिनीतच साठवायचं: परसात चर, चरातून शोषखड्डा, खड्डा मुरमापर्यंत.

आंघोळीचं पाणी रोजचं आणि भरवशाचं. ते कर्दळ आणि वाळ्याच्या वाफ्यातून गाळून केळीला द्यायचं. कपडे धुण्याचं पाणी मात्र गटारीतच जाऊ द्यायचं ठरवलं. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं आणि चिकण मातीला तेच बाधतं: माती बसते, हवा-पाणी दोन्ही खेळेनासं होतं. पाणी वाचवायच्या नादात जमीन खराब करायची नाही.

१७ मार्च

आतेभाऊ सहकुटुंब आला होता. त्याचं म्हणणं, मध्ये कार्पेट लॉन करा, कडेने पाम लावा, झालं. पुण्यात त्याने केलंय आणि सुंदर दिसतं, यात शंका नाही. त्याला हिशोब दाखवला. मे महिन्यात अशा गवताला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं. पन्नास चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोज अडीचशे ते तीनशे लिटर, तेही जड पाण्याचं, तेही ज्या महिन्यात बोअर आटत येतं त्याच महिन्यात. बदल्यात सावली काहीच मिळणार नाही. गवतावर बसायचं कधी, तर ऊन उतरल्यावर. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण मला या मुद्द्यावर तडजोड करायची नाही. आपल्या हवामानात परसातलं पाणी सावली देणाऱ्या झाडाच्या मुळाशीच गेलं पाहिजे.

हिरवं जाजम हवंच असेल तर जलपिंपळी आहे. ओढ्याकाठी आपोआप पसरणारी, जमिनीलगत राहणारी, बारीक जांभळट-पांढऱ्या फुलांची. पावसात पाण्याखाली गेली तरी तग धरते आणि उन्हाळ्यात सुकली तरी पहिल्या पावसाला फुटते. मधमाश्यांना फार आवडते. फरशीच्या सांध्यांत ती लावायची.

२ एप्रिल

कोबा फोडला. मिस्त्री आणि दोन बिगारी, पहारी आणि घण. निघालेले तुकडे फेकले नाहीत. शोषखड्ड्याच्या तळाला तेच जातील. कोब्याखालची माती धुळीसारखी कोरडी होती, वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब न पोचलेली.

मिस्त्रींना वाटत होतं, लगेच शहाबादी घालून मोकळं व्हावं. मी खड्डा दाखवला. त्यांनी मुरूम चोळून पाहिला आणि स्वतःच म्हणाले, "ताई, हे काळं रान आहे. भराव टाका, एक पावसाळा बसू द्या, मग फरशी लावतो. नाहीतर पुढच्या साली मलाच बोलावशीला." अशा माणसाबरोबर काम करायला बरं वाटतं.

२० एप्रिल

झाडांचे खड्डे घेऊन ठेवले. करंजाला तीन बाय तीन बाय तीन फूट, बाकीच्यांना दोन-दोन फूट. ते महिना-दीड महिना उघडे तापू द्यायचे, म्हणजे हुमणीच्या अळ्या आणि बुरशी बऱ्याच मरतात. जुन्या शेतकऱ्यांची रीत आहे आणि पाळण्यासारखी आहे.

मोठं झाड कोणतं, यावर घरात बराच खल झाला. सगळ्यांच्या मनात बहावा होता. माझ्याही. पण बहावा एप्रिलमध्ये पानं झाडून बसतो आणि मेमध्ये फुलतो. डोळ्यांना सोहळा खरा, पण ज्या दोन महिन्यांत सावली हवी त्याच महिन्यांत फांद्या उघड्या. गुलमोहराचं तेच, वर मुळं उथळ आणि वाऱ्यात फांदी मोडणारी. कडुनिंब उत्तम, पण तो एवढ्या जागेला फार मोठा होतो. करंज मार्चमध्ये थोडे दिवस पानं टाकतो आणि एप्रिलमध्ये नव्या चकचकीत पालवीने गच्च भरतो. काळी जमीन, चुना, थोडा खारटपणा, पाण्याची ओढ, सगळं सोसतो. शेंगवर्गातला असल्यामुळे मातीला नत्रही देतो. करंज ठरला. बहावा रस्त्याच्या बाजूला, पुढच्या अंगणात लावू.

जागा: घराच्या भिंतीपासून १५ फूट, उत्तरेच्या कंपाउंडपासून ९ फूट. याहून जवळ नको, कारण झाड काळ्या मातीतलं पाणी ओढतं तेव्हा माती आक्रसते आणि पाया हलू शकतो. मेमध्ये दुपारी चारला सूर्य साधारण ३९ अंशांवर असतो. पंधरा फुटांवरच्या झाडाची सावली सात फुटी दाराच्या चौकटीपर्यंत यायला झाड १९-२० फूट उंच हवं. त्याला पाच-सहा वर्षं तरी लागतील. तोपर्यंत मांडव.

शेजारच्या काकूंना विचारूनच खुणेची काठी रोवली. पाला त्यांच्याकडेही पडणार आहे. त्या म्हणाल्या, पडू दे, आमच्या न्हाणीवर सावली येईल.

११ मे

भर दुपारी काठीची सावली काठीखालीच. परसात उभं राहायला एक कोपरा नाही. आजच मांडवाचे खांब उभे केले, आणि यापेक्षा योग्य दिवस मिळाला नसता.

मांडव भिंतीपासून दहा फूट पुढे, नऊ फूट उंच, लांबी अठरा फूट, स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी दोन्ही झाकली जातील असा. जीआय पाइपाचे सहा खांब, प्रत्येकाचा पाया चार फूट खोल, मुरमात बसवलेला. वर बांबूच्या जाळीची चौकट.

नऊ फूट उंची आणि दहा फूट खोली सहज म्हणून घेतलेली नाही. चारला, सूर्य ३९ अंशांवर असताना, मांडवाच्या बाहेरच्या काठाची सावली भिंतीवर जमिनीपासून फूटभर अंतरापर्यंत उतरते. जवळजवळ अख्खी भिंत झाकली जाते. पाचला सूर्य २५ अंशांवर येतो तेव्हा खालची चार फूट भिंत पुन्हा उन्हात. त्यासाठी पश्चिमेच्या काठाला उभा आडोसा लागतो. यंदा तुराट्यांचा कूड बांधला. बार्शीकडच्या मावसभावाने तुरीच्या तुराट्या ट्रॅक्टरच्या खेपेत आणून दिल्या. पुढच्या वर्षी तिथे वेल खाली लोंबतील. कूडातून वारा येतो, ऊन अडतं. पत्र्याने ऊन अडलं असतं पण पत्रा स्वतःच तापून आत उष्णता फेकत राहिला असता.

वर काय चढवायचं? वडिलांच्या मनात द्राक्ष. सोलापूरचं घर, मांडव आणि द्राक्ष नाही, हे त्यांना सहन होईना. पण आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि फळछाटणी ऑक्टोबरात. एप्रिलमध्ये काड्या छाटल्या की नेमक्या उन्हाळ्यात मांडव उघडा. छाटणी केली नाही तर द्राक्ष नाही. वडील शेतकऱ्याचे मुलगे, त्यांना दोन वाक्यांत कळलं. मधुमालती ठरली: वर्षभर पानं, उन्हाळ्यात फुलांचे घोस, संध्याकाळी वास. पहिल्या पावसाळ्यात लवकर झाकलं जावं म्हणून जोडीला घोसाळी आणि दोडका. सध्या वर पन्नास टक्क्यांची शेडनेट ताणली आहे.

२९ मे

पावसाच्या आत मातीकाम संपवलं.

भिंतीकडून बाहेर दर दहा फुटांना दोन इंच उतार दिला. लेव्हल पाइप लावून, नजरेच्या अंदाजाने नाही. मधोमध दक्षिणोत्तर चर, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल. गच्चीच्या दोन्ही पाइपांचं पाणी त्यात. चराच्या उत्तर टोकाला शोषखड्डा, चार बाय चार आणि खोली पाच फूट, म्हणजे मुरमात दीड फूट आत. तळाला कोब्याचे तुकडे, त्यावर मोठी खडी, मग बारीक. तोंडाशी जाळी, पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून. खड्डा घरापासून बारा फुटांवर. भिंतीलगत पाणी मुरवणं काळ्या मातीत धोक्याचं. खड्डा भरला तर जादा पाणी गल्लीतल्या गटारीला जाईल असा पाइप वरच्या अंगाला ठेवलाय.

चराची निघालेली काळी माती नेऊन गादीवाफे केले, शेणखत मिसळून. फरशीच्या वाटेवर सहा इंच मुरूम पसरून पाणी मारलं आणि धुम्मस केलं. आता पावसाला बसवू द्यायचं.

१४ जून

पहिला मोठा पाऊस, संध्याकाळी तासभर. छत्री घेऊन पूर्ण वेळ परसात उभी राहिले. हे प्रत्येकाने करावं; कागदावर कितीही लेव्हल काढली तरी पाणी स्वतः चालून दाखवतं ते खरं. पाइपाचं पाणी जोरात येऊन चराची सुरुवात खणत होतं, तिथे दगड रचावे लागतील. बोअरजवळ तळं साचलं, तिथून चरापर्यंत खुरप्यानेच पाट काढून दिला. बाकी सगळं पाणी खड्ड्यापर्यंत नीट गेलं. सकाळपर्यंत खड्डा रिकामा. दोन दिवसांच्या आत पाणी जिरलं पाहिजे ही माझी अट होती, डासांची पैदास होऊ नये म्हणून.

२८ जून

लागवड.

खड्ड्यात तळाला पालापाचोळा, वर माती, चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ओंजळभर सिंगल सुपर फॉस्फेट. करंजाचं तीन फुटी रोप घेतलं. रोपवाटिकेत आठ फुटी झाडंही होती, पण पिशवीत मुळं गोल फिरलेली. लहान रोप जमिनीत लवकर रमतं आणि दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं.

दक्षिणेच्या भिंतीला दोन डाळिंबं, भगवा जातीची. दोनच, आणि त्यांच्यात अंतर भरपूर, कारण तेल्या रोग दाटीत आणि ओलीत पसरतो. पश्चिम कंपाउंडला सीताफळ, मुरमाच्या उंचवट्यावर. त्याच कंपाउंडला लागून अडुळसा आणि मेंदी आलटून-पालटून. उन्हाळ्यातला झळांचा वारा तिकडून येतो. अडुळशाला शेळ्याही तोंड लावत नाहीत, आणि आमच्या गल्लीत हा मुद्दा लहान नाही. न्हाणीच्या पाण्याच्या वाफ्यात कर्दळ, वाळा आणि शेवटी दोन केळी. पारिजातक तुळशीमागे. मोगरा मांडवाच्या खांबाशी, बसल्यावर वास येईल एवढ्या अंतरावर.

कागदी लिंबू लावलेलं नाही. आईला हवंय, पण या चुन्याच्या जमिनीत ते पिवळं पडून कुढत राहील. मोठ्या ड्रममध्ये वेगळी माती करून लावू.

सगळ्या आळ्यांत उसाचं पाचट चार इंच जाड घातलं. खोडापासून वीतभर आणि घराच्या भिंतीपासून दोन फूट लांब, वाळवी येऊ नये म्हणून.

३० जुलै

पावसाने ओढ दिली आहे. ढग येतात, वारा सुटतो, थेंब नाही. अपेक्षित होतं. करंज आणि सीताफळाजवळ मटके पुरले: कच्चे भाजलेले, तळाला भोक नसलेले, गळ्यापर्यंत जमिनीत, वर मातीचं झाकण. तीन-चार दिवसांनी भरायचे. पाणी मटक्याच्या अंगातून झिरपतं आणि मुळं तिकडे वळतात. वरून पाइपाने दिलेलं पाणी भेगांतून खाली निघून जातं, त्याचा निम्मा उपयोग नाही. डाळिंबांना आणि कुंपणाला ठिबक, ताशी चार लिटरचे ड्रिपर. जड पाण्याने ते चोंदणार, म्हणून दर महिन्याला लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, टोकं उघडून धुवायची, असं दिनदर्शिकेवर लिहून ठेवलंय.

घोसाळी मांडवावर पोचली.

२२ सप्टेंबर

तीन दिवस सलग पाऊस. माती फुगली, भेगा सगळ्या मिटल्या, मुरमाची वाट मध्ये जवळजवळ इंचभर उचलली गेली. फरशी घातली असती तर आज सगळी डुगडुगत असती. ओल्या मातीत कुणालाही पाय ठेवू दिलेला नाही. काळी माती ओली असताना तुडवली की दगडासारखी बसते.

शोषखड्डा एका रात्री भरून वाहिला, जादा पाणी ठरवल्या वाटेने गेलं. घोसाळी इतकी लागली की शेजारीपाजारी वाटून उरली.

१६ नोव्हेंबर

जमीन बसली, मिस्त्री परत आले. वाट आणि मांडवाखालचा ओटा, दोन्हीला दीड फुटी शहाबादी, वरून घासलेली नाही, खडबडीतच. गुळगुळीत फरशी ओली झाली की आईचा पाय घसरेल. खाली मुरूम, त्यावर दोन इंच क्रश सँड, त्यावर फरशी नुसती ठेवून लाकडी हातोड्याने ठोकलेली. सिमेंट कुठेच नाही. जमीन हलली तर फरशी उचलून खाली कच भरायची आणि परत ठेवायची, अर्ध्या तासाचं काम. दोन फरशांत दीड इंच सांधा, त्यात माती आणि जलपिंपळीच्या कांड्या.

फरशी फक्त सावलीत आणि चालायच्या रेषेवर. उन्हात फरशी नाही. शहाबादी काळसर दगड आहे, दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता परत देतो. वाळवणाचा कोपरा मात्र सहा बाय आठ फूट फरशीचाच केला, तिथे तापणं हाच उपयोग.

११ जानेवारी

नैर्ऋत्येचं ऊन दुपारी मांडवाखालून आत ओट्यापर्यंत येतंय. आई आणि काकू हुरडा सोलत बसतात. तुराट्यांचा कूड एका बाजूने सोडवून ठेवला. हिवाळ्यात त्याची गरज नाही.

कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. औषध मारायचं नाही, फुलपाखरं होतील. जुनं झाड आहे, थोडी पानं गेली तर काही होत नाही.

१८ मे

दुसरा उन्हाळा. नोंदी मोजक्या लिहिते, कारण काम आता पाहण्याचं आहे.

मधुमालतीने मांडवाचा दोन तृतीयांश भाग झाकला. उत्तरेकडच्या तुकड्यावर शेडनेट अजून आहे, यंदा काढायची नाही. दुपारी चारला हात लावून पाहिला, दाराजवळची भिंत कोमट. मांडवाबाहेरच्या भिंतीला हात ठेववत नाही. स्वयंपाकघराचं दार एप्रिलपासून दुपारभर उघडं राहतंय. हा सगळा खटाटोप याच दारासाठी होता.

करंज माझ्या डोक्यावर गेलाय. सीताफळाने मार्चमध्ये सगळी पानं टाकली तेव्हा वडील घाबरले होते; आता पालवी भरपूर. एक डाळिंब चांगलं आहे, दुसऱ्याच्या बुंध्याशी पाणी साचत होतं, ते उंच आळं करून दुरुस्त केलं. केळीला घड लागलाय. वाफ्यातल्या कर्दळीने गर्दी केली, निम्मी काढून काकूंना दिली. जलपिंपळी उन्हातल्या सांध्यांत वाळून गेली आहे, सावलीतल्या सांध्यांत हिरवी आहे. बाहेरची पावसात फुटेल.

पावसाच्या आत करायचं: चराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढणे, शोषखड्ड्याची वरची बारीक खडी काढून धुणे, वाटेतल्या चार फरशा उचलून खाली कच भरणे, पाचटाचा नवा थर. करंजाची आधाराची काठी काढली, खोड आता स्वतः उभं आहे. कुंभाराला आणखी चार मटके सांगितलेत. लिंबासाठी ड्रम आणायचा राहिलाय, आई रोज आठवण करते. तो या रविवारी.